‘पुन्हा या’ म्हणजे नक्की कधी, ते आधी विचारून घे

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि उठून कपाटातली जुनी फाईल काढली. 20 आठवडे 3 दिवस, अनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते बघणारी सोनोग्राफी) ‘नॉर्मल’, पण बाळ पाठ वर करून झोपलेलं, त्यामुळे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसल्या नाहीत, परत बोलावलंय. सेंटरवाले तारीख देतायत ती चार आठवड्यांनंतरची, तुझ्या डॉक्टर म्हणतायत ‘बघू पुढच्या व्हिजिटला’, आणि सासूबाईंचं म्हणणं, सारखी सारखी सोनोग्राफी बाळाला बरी नाही. हे सगळं माझ्याकडे जसंच्या तसं घडलंय. फक्त शेवटचं वाक्य माझ्या सख्ख्या आईचं होतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर बसते. तुझं आणि माझं सारखं निघेल असं अजिबात नाही. बाळाच्या पोझिशनमुळे काही न दिसणं रोजचंच आहे आणि पुन्हा बघितल्यावर बहुतेकींचं सगळं व्यवस्थित निघतं. एनटी स्कॅन, डबल मार्कर वगैरे सुरुवातीच्या महिन्यांतल्या डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांसाठीच्या तपासण्या तुझ्या झालेल्या दिसतायत, त्यावर काही बोलत नाही. मला बोलायचंय ते ‘रक्तवाहिन्या दिसल्या नाहीत, पुन्हा या’ या एका ओळीवर.

2018 मधली गोष्ट. आम्ही मुंबईत भांडुपला राहायचो. 19 आठवडे 5 दिवसांना स्कॅन झाला. रिपोर्ट दोन पानी, स्टेपल केलेला. पहिल्या पानावर डोकं, मणका, किडन्या, हातपाय, सगळ्यांची मापं. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरात इंप्रेशन, म्हणजे निष्कर्ष: ‘नो ऑब्व्हियस अनॉमली इन द व्हिज्युअलाइज्ड अनॅटमी’. मी ‘नो ऑब्व्हियस अनॉमली’, म्हणजे उघड दोष नाही, एवढंच वाचलं, नवऱ्याला फोटो पाठवला आणि स्टेशनबाहेर उसाचा रस प्यायले. पुढचा ‘व्हिज्युअलाइज्ड’ हा शब्द, म्हणजे ‘जेवढं दिसलं तेवढ्यात’, माझ्या डोक्यात शिरलाच नाही. त्याच्या खाली साध्या अक्षरात आणखी एक ओळ होती: आउटफ्लो ट्रॅक्ट्स (त्याच हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या) नीट दिसले नाहीत, दोन आठवड्यांनी रिव्ह्यू. आणि त्या ओळीला अगदी चिकटून ते नेहमीचं डिक्लरेशन, की मी गर्भाचं लिंग तपासलेलं नाही, कोणाला सांगितलेलं नाही, आणि सही. ते डिक्लरेशन प्रत्येक रिपोर्टवर असतं, त्यामुळे तिथपर्यंत आलं की डोळे आपोआप घसरतात. माझे घसरलेच. माझ्या डॉक्टरांचेही घसरले असावेत, कारण त्यांनी इंप्रेशन बघून ‘छान’ म्हटलं आणि लोहाच्या गोळ्या वाढवून दिल्या.

ओळ सापडली ती चार-पाच दिवसांनी, मेडिक्लेमसाठी झेरॉक्स काढताना. मग गेले सेंटरवर. आणि इथे माझी खरी चूक झाली. काउंटरवरची मुलगी रिपोर्ट उघडून म्हणाली, ‘मॅडम, नॉर्मल आहे ना? मग परत का करताय?’ मी ओळ दाखवली. ‘ते सगळ्यांच्यात लिहितात.’ करायचंच असेल तर डॉक्टरांची नवी चिठ्ठी, फॉर्म एफ (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचा फॉर्म) नव्याने, पैसे नव्याने, आणि मोठ्या मॅडम पुढच्या महिन्यापर्यंत रजेवर. चिठ्ठी आणि फॉर्म एफ प्रत्येक सोनोग्राफीला लागतात, ते कायद्याचंच आहे, त्यात तिचा दोष नाही. पण ‘सगळ्यांच्यात लिहितात’ हे सांगायचा अधिकार तिला कोणी दिला? आतल्या डॉक्टरांना एक शब्द विचारायला तिला दहा पावलं चालायची होती. आणि मी, जी रोज लोकांना ‘सर, खालची अट वाचा’ सांगत असते, ती मुकाट्याने रिपोर्ट पिशवीत घालून 5:42 ची लोकल पकडायला पळाले. आईला फोन केला, ती म्हणाली बरं झालं, नको ती मशीन पुन्हा पोटाला. विषय संपला.

31 व्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी ग्रोथ स्कॅन, म्हणजे बाळाची वाढ बघणारी सोनोग्राफी, केला, कारण ते ऑफिसच्या वाटेवर होतं. तिथल्या डॉक्टर आधी माझ्याशी माहेर-सासर बोलत होत्या. मग प्रोब एका जागी थांबला आणि त्या गप्प झाल्या. खूप वेळ. दोन दिवसांनी परळला फीटल एको, म्हणजे बाळाच्या हृदयाची स्वतंत्र सोनोग्राफी. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याच चिठ्ठीच्या मागे पेनने दोन नळ्या काढून दाखवल्या. शरीराला रक्त नेणारी महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी, दोन्हींच्या जागा उलटल्या होत्या. हृदयाचे चारही कप्पे यात ठीकठाक दिसू शकतात, म्हणून ‘फोर चेंबर नॉर्मल’ लिहिलेलं वाचून निर्धास्त व्हायचं नसतं. नळ्या कुठून निघतात हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या रिपोर्टात नेमक्या नळ्याच दिसल्या नव्हत्या.

पोटात असताना अशा बाळाला काही होत नाही, ऑक्सिजन वारेतून मिळतो. जन्मल्यावर एक छोटी वाहिनी बंद व्हायला लागते आणि बाळ निळं पडतं. ती उघडी ठेवायला औषधाचं ड्रिप लागतं आणि ऑपरेशन साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. आमचं नवव्या दिवशी झालं. लेक आता शाळेत जाते, जिना धावत चढते आणि मला ओरडायला लावते. वर्षातून एकदा तपासणी असते, बस्स.

मग गमावलं काय? नऊ आठवडे. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नाव घातलं होतं, पैसे भरले होते. तिथे बाळ झालं असतं तर शेजारच्या मुलुंडपर्यंतही ते ड्रिप मिळालं नसतं. शेवटच्या महिन्यात, सुजलेल्या पायांनी, लहान बाळांच्या हृदयाचं ऑपरेशन जिथे होतं असं हॉस्पिटल शोधणं, सोनं गहाण ठेवणं, नवऱ्याची रजा, सगळं एकावर एक. जे 22 व्या आठवड्यात चहा पीत, वही घेऊन ठरवता आलं असतं ते आम्ही टॅक्सीत ठरवलं. राग मला दोषाचा कधीच आला नाही. राग त्या ‘सगळ्यांच्यात लिहितात’चा येतो, अजूनही.

आता तुझी चार आठवड्यांनंतरची तारीख. 20 अधिक 4, म्हणजे तू 24 पूर्ण करून जाणार. हे कोणी तुला मुद्दाम सांगणार नाही, म्हणून मी सांगते, आणि वाईट वाटून घेऊ नकोस. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली बदल झाला. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि गर्भातला गंभीर दोष त्या कारणांत येतो. 24 नंतर प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं. माझ्या वेळी रेघ 20 वर होती, म्हणजे दोन आठवड्यांनी गेले असते तरी ती ओलांडलीच असती. 2008 मध्ये मुंबईतल्याच एका जोडप्याला हायकोर्टाने याच रेघेपायी परवानगी नाकारली होती, मोठ्या बायकांना आठवत असेल. मी वकील नाही, आणि तू काय करावंस हे तर मी मुळीच सांगत नाहीये. आम्ही कळलं असतं तरी ठेवलंच असतं. पण ‘ठेवलं’ आणि ‘दुसरं काही उरलंच नाही’ यात फरक आहे, आणि तो फरक एखाद्या काउंटरच्या कॅलेंडरवर सोडू नये एवढंच.

माझं स्पष्ट मत: त्याच सेंटरची वाट बघू नकोस. चिठ्ठीवर तुझ्या डॉक्टरांकडून नुसतं ‘यूएसजी’ (सोनोग्राफी) लिहून आणू नकोस, ‘आउटफ्लो ट्रॅक्ट्ससाठी रिव्ह्यू’ असं लिहून घे. त्या तयार असतील तर थेट फीटल एकोची चिठ्ठी माग, तुझे आठवडे त्यासाठी योग्यच आहेत. खर्चाचं ओझं वाटत असेल तर केईएम, सायनसारखी महापालिकेची मोठी हॉस्पिटलं आहेत. रांग लांब, पण अनुभव दांडगा. काउंटरवर ‘नॉर्मल आहे ना’ आलं तर वाद न घालता म्हण, ‘आतल्या डॉक्टरांना ही ओळ दाखवा, मी बसते.’ आणि खरंच बस.

जाण्याआधी थोडं चाल, काहीतरी गार किंवा गोड घे, कधीकधी बाळ कूस बदलतं. शास्त्र मला माहीत नाही, पण दुसऱ्या स्कॅनच्या वेळी मला तिथल्याच सिस्टरने चॉकलेट खायला लावलं होतं. लघवी कोंडून ठेवायची या आठवड्यांत सहसा गरज नसते, उगाच हाल करून घेऊ नकोस. आयडी विसरू नकोस, नाहीतर फॉर्म एफपाशी अडशील.

तू खाली विचारलंयस त्या ‘हृदयातल्या पांढऱ्या ठिपक्या’बद्दल: तो वेगळा विषय आहे. एकटाच असेल तर तो हृदयाचा दोष नसतो, पुष्कळ निरोगी बाळांत दिसतो. डबल मार्करचा रिपोर्ट जोडून डॉक्टरांना विचार आणि नेटवर शोधत बसू नकोस. मी बसले होते, दोन रात्री झोप गेली. उलटही लक्षात ठेव, स्कॅन चांगला आला म्हणजे डाऊन सिंड्रोम नाहीच असं होत नाही, सोनोग्राफीला सगळं दिसत नाही.

सासूबाईंना सांग की यात एक्स-रे नसतो, आवाजाच्या लहरी असतात, आणि डॉक्टरांनी कारण असताना सांगितली तर करायची असते. माझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग तेव्हाच का नाही बोललीस?’ उत्तर नव्हतं माझ्याकडे.

नवऱ्याच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर बाळ पहिल्या दिवसापासून त्यात येतं का, हे आजच एचआरला विचारून ठेव, गरज पडणार नाही असं धरून. आणि उद्या शुक्रवार आहे. शनिवारी निम्मे डॉक्टर भेटत नाहीत, तेव्हा चिठ्ठी उद्या सकाळीच घे, अपॉइंटमेंट मिळाली की इथे कळव.