सासवडचे माळी बारामती-अकलूजकडे का गेले?

मुख्य कारण पाटाचं पाणी. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, पण उसाला लागणारं भांडवल आणि खत जिरायती शेतकऱ्याला झेपत नव्हतं. सासवडचे माळी विहिरीवरच्या बागायतीत मुरलेले. त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. पुढे नीरेच्याच उजव्या कालव्यावर, अकलूजजवळ, माळीनगर वसलं; तिथला साखर कारखाना १९३२ सालचा.

या इतिहासात जमिनीचं नुकसान मात्र कायम विसरलं जातं. भारी काळ्या रानात निचरा कमी, आडसाली उसाला दीड वर्ष पाणी. पाण्याची पातळी वर चढते, ऊन लागलं की पाणी उडतं, क्षार वर राहतात. पांढरी खपली दिसली की रान खारवटलं समजा. चर खोदून आधी निचरा करावा लागतो. नुसत्या खताने ते सुधारत नाही.