दात नेहमीसारखे जुळतात का?

प्रश्न : मी वैद्यकीय शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन म्हणजे अक्कलदाढ काढणारे डॉक्टर, एवढीच आमच्या वर्गात समजूत आहे. चेहऱ्याला मार लागलेला रुग्ण आला तर त्यांना बोलवायचं, हे कशावरून ठरवावं?

उत्तर : अक्कलदाढ हे त्यांचं रोजचं काम आहेच. पण मोडलेले जबडे, गालाचं हाड, डोळ्याच्या खोबणीचा तळ, जबड्याचा सांधा, दुभंगलेले ओठ आणि टाळू, पुढे-मागे वाढलेले जबडे, जबड्यातल्या गाठी, तोंडाचा कर्करोग, दातातून मानेत उतरणारा पू हेही त्यांच्याच कामात येतं. नावातला ‘ओरल’ तेवढा लक्षात राहतो आणि पुढचा ‘मॅक्सिलोफेशियल’ (जबडा आणि चेहऱ्याचा) हा लांबलचक शब्द गळून पडतो. त्यात काही देशांत या शाखेसाठी दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात, तर काही ठिकाणी दंतवैद्यकाच्या पदवीनंतरच तिचं प्रशिक्षण मिळतं. त्यामुळे वैद्यकीय विद्यार्थ्यांची तिच्याशी गाठच पडत नाही.

चेहऱ्याच्या दुखापतीत प्लास्टिक सर्जन, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि हे, तिघांच्या सीमा एकमेकांत मिसळतात. कोणी काय करायचं हे त्या त्या रुग्णालयात ठरलेलं असतं. तरी श्वासमार्ग, रक्तस्राव आणि मान पाहून झाली की शुद्धीवरच्या रुग्णाला एक प्रश्न विचाराच : ‘दात नेहमीसारखे जुळतात का?’ दोन दातांमध्ये केस आला तरी जाणवतो, म्हणून रुग्णाचं ‘नाही’ हे उत्तर खरं धरा आणि जबडा मोडला नसल्याची खात्री होईपर्यंत त्याला घरी सोडू नका. शस्त्रक्रियेतही बहुधा आधी वरचे-खालचे दात मूळच्या जुळणीत बांधतात आणि मग हाडावर प्लेट बसवतात. हाड सुरेख सांधलं पण जुळणी चुकली, तर रुग्णाला नीट चावता येत नाही.

मग खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे का ते पाहा. तसं असेल तर खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेला इजा झालेली असू शकते. गाल बधिर असेल तर खोबणीचा तळ आणि गालाचं हाड तपासा. जीभ उचलायला सांगा. तिच्याखाली काळंनिळं दिसलं तर जबडा मोडल्याची शक्यता फार मोठी. दात मोजा. एखादा कमी असेल आणि सापडत नसेल, तर तो श्वासमार्गात गेलेला असू शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे काढा.

सगळ्यांत जास्त चूक होते ती हनुवटीच्या जखमेत. टाके घालून रुग्णाला घरी पाठवलं जातं. पण हनुवटीवरचा जोर जबड्यातून थेट कानापुढच्या सांध्याकडे जातो आणि सांध्याखालचा जबड्याचा निमुळता भाग, म्हणजे जबड्याची ‘मान’, मोडू शकते. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल तर बहुधा त्याच बाजूची मोडलेली असते. लहान मुलात हे निसटलं तर सांधा जखडून तोंड उघडेनासं होऊ शकतं, जबड्याची वाढही खुंटू शकते. म्हणून हनुवटी फाटलेल्या प्रत्येक मुलाच्या कानापुढे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून त्याला तोंड उघडायला लावा. खालचा जबडा कडीसारखा असल्याने तो अनेकदा दोन जागी मोडतो. एक भंग दिसला म्हणून एक्स-रेची फिल्म खाली ठेवू नका.

जबडा समोरच्या भागात दोन्ही बाजूंनी मोडला असेल तर जिभेचा आधार जातो आणि ती मागे पडते. शुद्धीवरचा असा रुग्ण पुढे वाकून बसू पाहत असेल तर त्याला जबरदस्तीने उताणं झोपवू नका.

प्रश्न : दाढदुखी आणि सूज असलेल्या रुग्णाला अँटिबायोटिक देऊन पाठवलं तर काय बिघडतं?

उत्तर : पू आणि सडलेला दात जागच्या जागी राहतात, आणि साठलेल्या पुवात औषध पुरेसं पोचत नाही. पू बाहेर काढणं आणि दाताचा बंदोबस्त करणं हाच खरा इलाज. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजून लिहून ठेवा : प्रौढ माणसात वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण 40 मिलिमीटर अंतर पडतं. ते कमी होत चाललं असेल, गिळताना दुखत असेल, लाळ गळत असेल, आवाज घोगरा किंवा दबलेला येत असेल, तर रुग्णाला त्याच वेळी दाखल करा. हनुवटीखाली दोन्हीकडे लाकडासारखी टणक सूज आणि वर उचललेली जीभ म्हणजे लुडविग्ज अँजायना, तोंडाच्या तळाचा गंभीर संसर्ग. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात धोका श्वास कोंडण्याचा असतो, म्हणून भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही एकदमच हाक मारा.

प्रश्न : दंतवैद्यकाच्या अंतिम वर्षात आहे. ही शाखा आपल्याला झेपेल का, हे कसं ओळखावं?

उत्तर : दात काढायला आवडतं एवढ्यावरून ठरवू नका. परवानगी काढून अपघात विभागात एक रात्र थांबा, जबडा पुढे-मागे करण्याच्या शस्त्रक्रियेचं नियोजन पाहा आणि कर्करोगाची एखादी शस्त्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहून पाहा. मग दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन त्याच रुग्णाचा श्वासमार्ग, नळ्या आणि ड्रेसिंग कोण कसं सांभाळतं तेही बघा. प्रशिक्षणात तुमचा बराचसा वेळ तिथेच जाणार आहे.