टॅलीचं प्रमाणपत्र आहे, तरी मुलाखतीत अडतं कुठे?

प्रश्न : मी कराडला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. चौथ्या सत्रातला कॉस्ट अकाउंटिंगचा विषय राहिलाय. एमएस-सीआयटी आणि टॅलीचा कोर्स झालाय. अकाउंट्सच्या नोकरीसाठी दोन मुलाखती दिल्या, दोन्हीकडे ‘अनुभव नाही’ म्हणून नकार आला. वडील बँकेच्या परीक्षा दे म्हणतात, मैत्रिणी जीएसटीचा कोर्स लावतायत. जूनपर्यंत मी काय करू?

उत्तर : तिसरा कोर्स लावू नकोस. ‘अनुभव नाही’ म्हणणाऱ्याला एवढंच हवं असतं, की एखाद्या दुकानाचा एक महिना बिलांपासून रिटर्नपर्यंत तू एकटीने नेऊ शकतेस. ते वर्गात बसून येत नाही, कर सल्लागाराच्या ऑफिसात बसून येतं.

पण आधी राहिलेला विषय. बँकांच्या भरतीसाठी होणाऱ्या आयबीपीएसच्या परीक्षेला जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पदवीचा निकाल लागलेला असावा लागतो. ‘शेवटच्या वर्षाला आहे’ हे तिथे चालत नाही. म्हणजे हा एक विषय वडिलांची वाटही अडवतो आणि तुझीही. परीक्षेचा अर्ज भरताना चौथ्या सत्राचा विषय त्यात आलाय का, हे कॉलेजच्या परीक्षा विभागात स्वतः जाऊन बघ. बँकेसाठी वयाची घाई नाही : लिपिक पदाला २० ते २८, अधिकारी पदाला २० ते ३० वर्षं.

आता कामाबद्दल. ऑफिसचा महिना तारखांवर चालतो. ७ तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर) भरायचा, ११ पर्यंत विक्रीचं जीएसटीआर-१, १४ ला विकणाऱ्यांच्या रिटर्नवरून खरेदीचं जीएसटीआर-२बी तयार होतं, २० पर्यंत कर भरायचं जीएसटीआर-३बी. तिमाही रिटर्नवाल्यांच्या तारखा थोड्या पुढे असतात. नवख्या मुलीच्या हातात सगळ्यात आधी येतं ते १४ ते २० मधलं काम : खरेदीचं रजिस्टर आणि २बी जुळवणं. २बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, म्हणून व्यापाऱ्याचे खरे पैसे इथे अडकतात. बिल का दिसत नाही याची कारणं साधारण ठरलेली असतात. समोरच्याने रिटर्न उशिरा भरलं, तर बिल पुढच्या महिन्यात दिसतं. त्याने १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक दुसऱ्याच कुणाचा टाकला, तर क्रेडिट भलत्याच्याच खात्यात दिसतं. कधी राज्याबाहेरच्या विक्रीला आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला असतो. कोणत्या पार्टीला फोन करून काय दुरुस्त करून घ्यायचं, हे सांगता येणारी मुलगी ऑफिसला हवीच असते.

हे जुळवणं एक्सेलवर होतं, आणि नवी मुलं इथेच हमखास अडकतात. व्हीलुकअप या शोधायच्या सूत्रात शेवटी शून्य टाकलं नाही, तर ते जवळपासचं काहीतरी उचलून आणतं आणि चूक लक्षातही येत नाही. बिल क्रमांक एकीकडे ‘००५’ आणि दुसरीकडे ‘५’ असला, किंवा मागे एक मोकळी जागा राहिली, तरी ते जुळत नाही. मोकळ्या जागेसाठी ट्रिम वापर आणि दोन्ही रकाने एकाच स्वरूपात आण. व्हीलुकअप, सम-इफ्स (अटींनुसार बेरीज) आणि पिव्होट टेबल (गटवार गोषवारा) एवढं पक्कं असलं तरी सुरुवातीला पुरतं.

घरी सरावासाठी टॅली प्राइमचा शैक्षणिक मोड विनापरवाना चालतो. तो महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेतो, त्यामुळे बिलावरची खरी तारीख नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपेत) लिही. ओळखीच्या दुकानदाराकडून एका महिन्याची बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट घे, नोंदी कर आणि त्या स्टेटमेंटशी जुळवून बँक मेळ लाव. फरक राहिला तर आधी बँकेचे चार्जेस आणि न वटलेले चेक तपास. रक्कम सस्पेन्सला (न जुळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्याला) टाकून मोकळी होऊ नकोस. मुलाखतीत नेमकं त्याच्याबद्दलच विचारतात.

एक काम आजच कर. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळव. नोकरी लागल्यावर पीएफचं खातं आधारवरच्या नावाने उघडतं आणि एका अक्षराच्या फरकाने केवायसी अडकते. आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवूनच दुरुस्ती कर.

बायोडेटा एका पानाचा पुरे. ‘टॅली येते’ याऐवजी काय केलंस ते लिही : किती बिलांच्या नोंदी, कोणत्या महिन्याचा बँक मेळ. राहिलेला विषय लपवू नकोस. ‘निकाल अपेक्षित’ असं स्पष्ट लिही.

ऑफिसात विचारायला २३ तारखेनंतर जा. ११ आणि २० च्या आसपास तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. ओळखीच्या दुकानदाराचे हिशेब ज्यांच्याकडे असतात, तिथून सुरुवात कर. ‘नोकरी आहे का’ असं विचारण्यापेक्षा ‘पुढच्या महिन्याचं खरेदीचं मॅचिंग मी करून देऊ का’ असं विचार. मानधन थोडं मिळालं तरी चालेल, पण सलग तीन महिने आणि परीक्षेच्या काळातली सुट्टी या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घे.