वाचकांचे प्रश्न : दारात कोण होते?

प्रश्न : सुमारे ४०० पानांची एक कादंबरी मी नुकतीच संपवली. धाकटा भाऊ घर सोडून निघून जातो आणि थोरली बहीण नऊ वर्षे त्याचा शोध घेत राहते, अशी ती गोष्ट आहे. अखेरच्या प्रकरणात ती त्याची बंद खोली उघडून आवरते, त्याचे कपडे देऊन टाकते आणि त्याच संध्याकाळी दारावर थाप पडते. ती उठते, कडीला हात लावते आणि कादंबरी संपते! मला फसवल्यासारखे वाटले. अशा अधांतरी शेवटांचे ‘मुक्त शेवट’ म्हणून कौतुक होते. पण लेखकाला शेवट सुचला नाही, एवढाच त्याचा अर्थ नाही का? की मलाच वाचता येत नाही? लेखकाला पत्र लिहून विचारावे का?

उत्तर : आपल्याला वाचता येत नाही, असे मुळीच नाही. ४०० पाने एखाद्या माणसाच्या सोबतीने काढल्यावर त्याचे पुढे काय झाले हे जाणून घ्यावेसे वाटणारच, आणि ज्याला तसे वाटले नाही त्याने कादंबरी मन लावून वाचली का, अशी शंका मला येईल. सुचला नाही म्हणून सोडून दिलेले शेवटही असतात. रहस्य उलगडणार अशा बेताने प्रकरणामागून प्रकरण खुणा पेरायच्या आणि ऐन वेळी हात झटकायचे, याला मुक्त शेवट म्हणून मोठेपणा देण्याचे काही कारण नाही. अपुऱ्या राहिलेल्या कादंबऱ्यांची गोष्ट वेगळी. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या काफ्काची ‘द कॅसल’ ही कादंबरी वाक्याच्या मध्येच थांबते, कारण त्याने ती पुरी केलीच नव्हती. १९२४ मध्ये तो वारल्यानंतर त्याचा मित्र माक्स ब्रोड याने ती १९२६ मध्ये प्रसिद्ध केली.

आपल्या तक्रारीशी जवळचे नाते आहे ते इंग्रज लेखिका शार्लट ब्रॉन्टेच्या ‘व्हिलेट’ या १८५३ च्या कादंबरीचे. निवेदिका ल्यूसी आपल्या प्रियकराची, पॉलची, वाट पाहत आहे; तो तीन वर्षांसाठी समुद्रापार गेला आहे आणि आता परतीच्या वाटेवर आहे. सात दिवस वादळ घोंघावते, समुद्रावर फुटलेल्या जहाजांचे अवशेष पसरतात, आणि नेमके इथे ल्यूसी थांबते. पुरे झाले, ज्यांचे मन आशावादी आहे त्यांनी पुनर्भेटीचे चित्र रंगवावे, असे ती सुचवते. एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिलेल्या ब्रॉन्टेच्या चरित्रातून या धूसरपणाचे कारण कळते. पॉल समुद्रात बुडतो हे लेखिकेच्या मनात पक्के होते, परंतु मनाला उदास करणारे शेवट तिच्या वडिलांना आवडत नसत. त्यांच्यासाठी तिने घटना बदलली नाही, फक्त तिच्यावर शब्दांचा पडदा टाकला.

पण तो पडदा किती विरळ आहे, हे पाहण्यासारखे आहे. वादळ येण्यापूर्वीच, पॉलच्या गैरहजेरीबद्दल बोलताना ल्यूसी सांगून जाते की ती तीन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती. तो परत आला असता, तर त्याच्याविना काढलेली वर्षे सर्वांत सुखाची कशी ठरली असती? पहिल्या वाचनात आपण हे वाक्य प्रेमाच्या उमाळ्याचे समजून पुढे जातो. शेवट वाचून मागे आलो की ते काळजात रुततं. म्हणजे उत्तर दिलेले आहे, फक्त ते शेवटच्या पानावर नाही.

आपल्या कादंबरीकडेही मी याच रीतीने पाहीन. ती मी वाचलेली नाही, त्यामुळे आपल्या पत्रापुरतेच बोलतो. आपण ओघात लिहिले आहे की भावाचे कपडे ती देऊन टाकते. नऊ वर्षे जपलेले कपडे ज्या दिवशी हातावेगळे होतात, त्या दिवशी तिचे वाट पाहणे संपलेले असते. मग दारात भाऊ असो की शेजारी, ती कडी काढणार आहे ते पूर्वीची बहीण म्हणून नव्हे. भाऊ सापडतो का, हा आपला प्रश्न होता. वाट पाहण्याने बहिणीचे काय झाले, हा बहुधा लेखकाचा होता, आणि त्याचे उत्तर त्याने दिले आहे.

तरीही आपला राग मला अस्थानी वाटत नाही. खोली आवरून झाली तिथेच कादंबरी थांबली असती, तर आपण हळहळला असतात, पण फसवले गेल्याची भावना आली नसती. नुकताच मिटलेला प्रश्न त्या थापेने पुन्हा उकरून काढला जातो आणि लगेच सोडूनही दिला जातो. उत्तर न देण्यापेक्षा हा दोष मला मोठा वाटतो.

लेखकाला पत्र अवश्य लिहावे. ‘व्हिलेट’ प्रसिद्ध झाल्यावर दोन स्त्रियांनी पॉलचे नक्की काय झाले असे विचारले होते, तेव्हा ब्रॉन्टेने उत्तर पाठवले खरे, पण गूढ होते तसेच ठेवले. दारात कोण होते असे विचारल्यास आपल्यालाही बहुधा तसेच उत्तर येईल. त्याऐवजी, ती थाप खोली आवरण्याच्या दिवशीच का पडली, आधी किंवा नंतर का नाही, असे विचारून पाहावे.