हिरवी पट्टी फिरतेच आहे : जुन्या विंडोजचे अपडेट आणि वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आहे. हार्ड डिस्क गेली म्हणून नवीन बसवली आणि घरातल्या जुन्या डीव्हीडीवरून विंडोज परत टाकलं. बाकी सगळं चालतंय पण अपडेट होत नाहीत. 'चेकिंग फॉर अपडेट्स' असं येतं आणि हिरवी पट्टी नुसती फिरत राहते, रात्रभर चालू ठेवून बघितलं तरी सकाळी तेच. मधे एकदा ८००७२ईएफई असा एरर पण आला. मशीन टाकून देता येत नाही कारण माझा फिल्म स्कॅनर याच विंडोजवर चालतो, नवीन विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हरच निघाला नाही. आता विंडोज ७ ला अपडेट येतच नाहीत म्हणतात, मग एवढा खटाटोप करू का सोडून देऊ?

उत्तर : सोडू नका. नवीन अपडेट येत नाहीत हे खरंय, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पुढची तीन वर्षं पैसे भरणाऱ्या कंपन्यांना मिळत होते तेही जानेवारी २०२३ मध्ये थांबले. पण तुमच्या डीव्हीडीवरचं विंडोज त्याच्याही कितीतरी आधीचं आहे, म्हणजे डीव्हीडी निघाल्यापासून २०२० पर्यंत जेवढ्या दुरुस्त्या आल्या त्यातली एकही आज तुमच्या मशीनवर नाहीये. सपोर्ट संपलेलं मशीन वेगळं आणि कधीच अपडेट न झालेलं मशीन वेगळं, लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात आणि तिथेच फसतात.

वॉनाक्राय आठवतंय का, फाइली लॉक करून खंडणी मागणारा तो व्हायरस? १२ मे २०१७ ला पसरायला लागलं, जगभरातली मशीन लॉक झाली, ब्रिटनमध्ये तर हॉस्पिटलांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. त्यात सगळ्यात जास्त मशीन विंडोज ७ चीच सापडली आणि ज्या भोकातून ते आत शिरलं त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. दुरुस्ती होती, बसवलेली नव्हती, एवढंच. तुमच्या मशीनवर आज ते भोक तसंच उघडं आहे, म्हणून म्हणतो की एक दिवस घालवा पण हे काम करा.

आता अडकतं कुठे ते सांगतो, कारण कळलं की हात आपोआप बरोबर चालतात. प्रत्येक अपडेटवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते, ती तपासल्याशिवाय विंडोज फाइल आत घेत नाही. आधी ही सही एसएचए-१ पद्धतीची असायची, ती कच्ची ठरली म्हणून २०१९ मध्ये एसएचए-२ वर नेली. तुमच्या विंडोजला ही नवी सही ओळखताच येत नाही, आणि जुनी सही चालणारे सर्व्हर २०२० मध्ये बंद केले, म्हणजे नवी ओळखायला शिकवणारं अपडेट हवं पण ते आपोआप येणार कसं, दारच बंद. दुसरी अडचण म्हणजे त्या काळचा अपडेट शोधणारा प्रोग्रॅम, शेकडो अपडेटमधलं कुठलं कुणाच्या जागी आलं याचा हिशोब करण्यात तो तासन्‌तास घालवतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, एक एसव्हीसीहोस्ट नावाची प्रोसेस प्रोसेसरचा अख्खा एक कोर खाऊन बसलेली दिसेल, मेमरी हळूहळू वर चढतेय, फॅनचा आवाज वाढलाय आणि स्क्रीनवर मात्र पट्टी फिरण्यापलीकडे काही नाही.

तर पहिल्यांदा तुमच्या स्कॅन केलेल्या फाइली आणि स्कॅनरच्या ड्रायव्हरची फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. ड्रायव्हर विसरू नका हं, फोटोंची कॉपी सगळे घेतात पण ड्रायव्हर राहतो आणि मग तो कुठेच मिळत नाही. नंतर 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, तिथे सर्व्हिस पॅक १ (आधीच्या अपडेटचा एकत्र गठ्ठा) लिहिलेलं दिसतंय का आणि सिस्टिम ३२ बिट आहे का ६४ बिट ते लिहून ठेवा. सर्व्हिस पॅक १ नसेल तर आधी तो, त्याच्याशिवाय पुढचं काहीच बसणार नाही.

मग दुसऱ्या कुठल्यातरी अपडेटेड कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या त्यांच्याच साइटवर जा आणि चार फाइली पेनड्राइव्हवर घ्या. नंबर इंग्रजी आकड्यांत टाकून शोधायचे, पुढे केबी जोडून : ४४९०६२८, ४४७४४१९, ४५३६९५२ आणि ४५३४३१०. पहिली अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेची, दुसरी नवी सही ओळखायला शिकवणारी, तिसरी परत त्याच यंत्रणेची पण जानेवारी २०२० ची, आणि चौथी म्हणजे सपोर्ट संपला त्या दिवशीचं मासिक रोलअप. हे रोलअप ऑक्टोबर २०१६ पासूनच्या महिन्या महिन्याच्या दुरुस्त्या एकत्र घेऊन येतं, वॉनाक्रायवाली पण त्यात आली आणि २०१९ ची ब्लूकीपची (रिमोट डेस्कटॉपमधल्या तशाच एका भोकाची) पण. क्रम हाच ठेवा, उलटसुलट केलंत तर विंडोज घेणार नाही.

बसवण्याआधी एक गोष्ट अगदी न चुकता करायची. नेटची केबल काढा, कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये 'नेव्हर चेक फॉर अपडेट्स' निवडा आणि रीस्टार्ट करा. कारण हाताने फाइल चालवली तरी विंडोज आधी शोधाशोध करायला जातं, ती आधीपासून चालू असेल तर तुमची फाइल तिच्या मागे रांगेत तासभर उभी राहते आणि आपल्याला वाटतं फाइलच खराब आहे. मी स्वतः एका मशीनवर तीन वेळा फाइल परत डाउनलोड केली होती, केबल काढून रीस्टार्ट केल्यावर तीच फाइल दोन मिनिटांत बसली.

प्रत्येक फाइलनंतर रीस्टार्ट मागेल तर द्या. निळ्या स्क्रीनवर 'कॉन्फिगरिंग विंडोज अपडेट्स' असं येऊन ३५ टक्क्यांवर वगैरे खूप वेळ थांबेल, थांबू द्या. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे असं समजा आणि पॉवर बटणाला हात लावू नका, अर्ध्यात बंद केलेल्या मशीनची जी दुर्दशा मी बघितली आहे ती तुमच्या वाट्याला नको. चारही झाल्यावर केबल लावा, अपडेट परत चालू करा आणि शोधायला सांगा, आता ऑक्टोबर २०१६ च्या आधीची राहिलेली अपडेट यायला लागतील. दोनतीन फेऱ्या होतील, 'विंडोज इज अप टू डेट' म्हणेपर्यंत करत राहा.

आणि हो, त्या शेवटच्या रोलअपनंतर स्ट्रेच करून लावलेला वॉलपेपर काळा पडायचा, घाबरू नका, त्यासाठी ४५३९६०२ नंबरचं एक अपडेट सपोर्ट संपल्यावरसुद्धा सगळ्यांना दिलं होतं.

सगळं झालं की मात्र केबल परत काढून ठेवा. २०२० नंतर सापडलेली भोकं बुजलेली नाहीतच, आणि स्कॅनरला नेट लागत नाही. स्कॅन करा, पेनड्राइव्हने फाइल दुसऱ्या मशीनवर न्या. नेट लागलंच तर क्रोमचं १०९ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं व्हर्जन होतं, ते कधीचंच जुनं झालं, त्यापेक्षा फायरफॉक्सचं ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्टसाठी काढलेलं व्हर्जन) बरं. पण बँकेचं काम, ईमेल, पासवर्ड या मशीनवर नको म्हणजे नकोच.

प्रश्न : कॅटलॉगवरून फाइल घेतली पण चालवल्यावर 'हे अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही' असं म्हणतं. फाइल तर विंडोज ७ चीच आहे.

उत्तर : बहुतेक वेळा ३२ आणि ६४ चा घोळ असतो. फाइलच्या नावात एक्स८६ असेल तर ती ३२ बिटची, लोक ८६ हा मोठा आकडा बघून तीच घेतात. ६४ बिटला एक्स६४ लागते. यादीत आयए६४ पण दिसेल, ती इटानियम सर्व्हरची, आपल्या कामाची नाही. हे सगळं बरोबर असेल तर एकतर ते अपडेट आधीच बसलेलं आहे (कंट्रोल पॅनेलमध्ये 'इन्स्टॉल्ड अपडेट्स' बघा) किंवा त्याच्या आधीचं काहीतरी राहिलंय, बऱ्याचदा सर्व्हिस पॅक १ च.

प्रश्न : एका साइटवर सगळी अपडेट एकाच फाइलमध्ये मिळतात, डबल क्लिक केलं की काम झालं. घेऊ का? आणि चांगला अँटिव्हायरस असेल तर अपडेटची गरज खरंच आहे का?

उत्तर : नका घेऊ. त्या फाइलला तुम्ही अॅडमिनची परवानगी देणार, म्हणजे मशीनची सगळी किल्लीच कुणातरी अनोळखी माणसाच्या हातात देणार, आणि त्याने आत अजून काय घातलंय ते तुम्हाला दिसणार नाही. कुठलीही फाइल चालवण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब उघडा, मायक्रोसॉफ्टची सही असेल तर पुढे जा, टॅबच नसेल तर डिलीट करा.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर तो ओळखीच्या वाईट फाइली पकडतो, विंडोजमधलं भोक बुजवत नाही. वॉनाक्रायमध्ये कुणी काही क्लिक करायची गरजच नव्हती, फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी पद्धतीतल्या चुकीमुळे ते एका मशीनवरून नेटवर्कमधल्या दुसऱ्यावर आपणहून जात होतं. अँटिव्हायरस ठेवा, हरकत नाही, पण तो अपडेटच्या जागी चालणार नाही. शिवाय अँटिव्हायरसवालेही एकेक करून जुन्या विंडोजचा सपोर्ट काढून घेतायत, तुमचा अजून नवीन माहिती घेतोय का ते त्याच्या शेवटच्या अपडेटच्या तारखेवरून बघा.

प्रश्न : आईच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, सपोर्ट संपल्याचा मेसेज येतो आणि विंडोज ११ बसणार नाही म्हणतो. लॅपटॉप अगदी ठणठणीत आहे. ती फक्त ईमेल, व्हिडिओ कॉल आणि थोडं लिखाण करते. नवीन घ्यावाच लागेल का?

उत्तर : लगेच नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथे नाव नोंदवायची लिंक दिसते. त्यासाठी २२एच२ व्हर्जन लागतं, ते नसेल तर आधी तिथपर्यंत अपडेट करा, नाहीतर लिंक दिसणारच नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, आणि सेटिंग्ज त्या अकाउंटला सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नवीन सोयी काही नाहीत, पण आईंच्या कामाला तेवढं पुरेसं आहे.

११ बसत नाही ते बहुतेक टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपमुळे किंवा प्रोसेसर जुना असल्यामुळे. टीपीएम कधी कधी असतो पण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेला असतो, तेवढं एकदा बघून घ्या. प्रोसेसरच यादीत नसेल तर जुगाड करून ११ टाकून देणारे व्हिडिओ आहेत, आईंच्या लॅपटॉपवर तो प्रयोग करू नका, अशा मशीनवर पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि बिघडलं की आई अडकून पडतील.

मुदतीच्या पुढे त्याच लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येईल. ४ जीबी रॅम असेल तर नीट चालतं. पण आधीच विंडोज पुसू नका, मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. आईंना शेजारी बसवा आणि त्या रोज जे करतात तेच त्यांना करू द्या, वायफाय लागतंय का, कॅमेरा आणि माइक कॉलमध्ये चालतोय का, मराठी टायपिंग त्यांच्या सवयीच्या कीबोर्डने होतंय का, प्रिंटर ओळखतोय का. एखादं अडलं तर पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा, विंडोज होतं तसंच परत येईल.