कंपाउंडच्या कडेला आपोआप उगवलेलं हे झाड कोणतं? ठेवू की काढू?

तुम्ही म्हणताय की वर्षभरात डोक्याच्या वर गेलं, पानं चिंचेसारखी, काटे नाहीत आणि घरात कुणीच लावलेलं नाही. फोटोत फक्त शेंडा दिसतोय, तोही हललेला, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगणार नाही, पण वर्णनावरून माझा पहिला संशय सुबाभळीवर आहे. पाच मिनिटं झाडाजवळ उभे राहिलात तर तुमची तुम्हालाच खात्री करता येईल.

आधी एक पान नेमकं कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण आपण ज्याला पान म्हणतो ती नुसती पर्णिका असते. देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात बारीकसा डोळा असतो, तिथपासून टोकापर्यंत जे काही आहे ते सगळं मिळून एक पान. आता चिंचेत मधल्या एकाच दांडीला दोन्ही बाजूंनी पर्णिका असतात, बस्स. सुबाभळीत त्या दांडीला परत बाजूच्या दांड्या फुटतात, साधारण 4 ते 9 जोड्या, आणि पर्णिका त्या दांड्यांवर असतात. तुमचं पान असं दुहेरी निघालं तर चिंच बाद.

पण मग गुलमोहर, शिरीष, बाभूळ हेही दुहेरीच. बाभळीला काटे असतात, तुमच्याकडे नाहीत, सोडून द्या. शिरीषाच्या पर्णिका चांगल्या रुंद असतात, बोटाच्या नखाएवढ्या किंवा मोठ्या. गुलमोहराच्या कोवळ्या फांदीवर देठाच्या बुडाशी दोन चिमुकली पिसं असल्यासारखी दिसतात, आणि बाजूच्या दांड्याही जास्त, 10 जोड्यांच्या वर. सुबाभळीची खूण म्हणजे मधल्या दांडीवर, बाजूच्या दांड्यांची पहिली जोडी फुटते तिथे, वाटीसारखा खोलगट छोटा ठिपका. ती ग्रंथी आहे, मसुराच्या डाळीपेक्षाही लहान, नख फिरवलंत तर लागेल. संध्याकाळी पानं मिटतात का बघा असंही कुणीतरी सांगेल, त्याचा काही उपयोग नाही, चिंच आणि शिरीषही मिटतात.

फुलं आली असतील तर प्रश्नच मिटला, पांढरट गोल गोंडे, बाभळीसारखेच पण पिवळे नाहीत. नंतर चपट्या शेंगांचे झुबके लोंबतात, वाळल्यावर तपकिरी आणि कागदासारख्या होतात, खुळखुळ वाजतात.

आता घातक आहे का. आपोआप उगवलं म्हणजे घातक असं काही नसतं, पिंपळ पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीत उगवतो तोही आपोआपच. बाहेरून आलेलं म्हणजे घातक असंही नाही, गुलमोहर मूळचा मादागास्करचा. सुबाभूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, चारा आणि सरपणासाठी जगभर नेली गेली आणि आता जगातल्या 100 सर्वात उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तिचं नाव आहे. (मराठीत तिला कुबाभूळ पण म्हणतात, तो ‘सु’ कुणाला तरी फार लवकर खोटा वाटला असणार.) कारण साधं आहे, एकटं झाड असलं तरी बी धरतं, कधीकधी वर्षाच्या आत फुलतं, आणि कवच कडक असल्यामुळे बी मातीत कित्येक वर्षं तग धरून राहतं.

माझ्याकडे असंच एक आलं होतं, सावली बरी पडत होती म्हणून राहू दिलं. शेंगा तडकल्यावर खालची माती बारीक रोपांनी अशी भरली की पाऊल ठेवायला जागा नाही. मग शहाणपणा करून झाड गुडघ्याएवढं ठेवून कापलं, तर महिनाभरात बुंध्याला सात फुटवे. म्हणजे एकाचं झाडूच करून ठेवलं मी.

तेव्हा तुमचं अजून कोवळं असेल तर पाऊस होऊन माती मऊ असताना बुडाशी खणून सोटमुळासकट उपटा, नुसतं ओढलंत तर वरून तुटेल आणि परत फुटेल. खोड मनगटाएवढं झालं असेल तर जमिनीलगत कापा आणि पुढे येणारा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच मोडत राहा, किंवा सरळ बुंधाच खणून काढा. पाला शेळ्या आवडीने खातात, घोड्याला मात्र घालू नका, त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकाने आयाळीचे आणि शेपटीचे केस झडतात. शेंगा कंपोस्टमध्ये अजिबात नकोत.

आणि महारूख वगैरे दुसरं काही निघालं तर पद्धत वेगळी, म्हणून कापायच्या आधी देठाचा जवळून एक स्पष्ट फोटो टाका, बघून सांगतो. शेंगा धरल्या असतील तर मात्र त्या आज तोडा, फोटो उद्या टाकलात तरी चालेल.