भुसावळजवळ राहतो, दहावीनंतर आयटीआय करायचंय. वेल्डर घेऊ की इलेक्ट्रिशियन?

पुढे शिकायची थोडीही इच्छा असेल तर इलेक्ट्रिशियन किंवा फिटर घे. हे ट्रेड २ वर्षांचे आहेत आणि त्यानंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. वेल्डर १ वर्षाचा, लवकर कामाला लागायचं असेल तर तोही चांगलाच.

भुसावळ विभागात रेल्वे अप्रेंटिस घेते. त्यासाठी आयटीआयच्या प्रमाणपत्रासोबत दहावीला किमान ५० टक्के मागतात, म्हणून आयटीआयच करायचंय असं म्हणून गणित-विज्ञान सोडून देऊ नकोस.

प्रवेश ऑनलाइन होतो, पण नुसता फॉर्म भरून भागत नाही. मूळ कागदपत्रं घेऊन आयटीआयमध्ये अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो, मग ट्रेड आणि संस्थेचे पर्याय भरायचे. खरी चूक इथेच होते. मित्राचं पाहून पहिला पर्याय टाकतात, नेमका तोच मिळतो. पहिला पर्याय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद! तेव्हा मनापासून हवा तोच ट्रेड वर ठेव. रोज जाणं-येणं जमेल का, तेही बघ, कारण हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नाही.

जातीचा आणि नॉन-क्रिमिलेअर दाखला लागणार असेल तर निकालाची वाट न पाहता आत्ताच अर्ज कर.